इंजिन बांधताना कॅमशाफ्ट बसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः ब्लॉकमध्ये कॅम (म्हणजे कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असलेल्या पुशरॉड इंजिनांसाठी आहेत: ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी, पूर्वी कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचं १०८९ सीसी, जुन्या जीप आणि ट्रॅक्टर. मापं देताना ॲम्बेसेडरचं इंजिन धरलं आहे, कारण ते ज्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीज घराण्यातलं आहे त्याची मापं पक्की उपलब्ध आहेत. दुसऱ्या इंजिनासाठी त्याच्याच मॅन्युअलमधले आकडे घ्या. हेडमध्ये कॅम असलेल्या गाड्यांसाठी प्रश्न १४ पाहा. ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

१. जुना कॅम हाताने सहज निघाला. नवे बुश (कॅम ज्यांत फिरतो ती बेअरिंगची कडी) टाकल्यावर तोच कॅम आत जात नाही. बुश चुकीचे आले का?

बहुतेक वेळा नाही. जुने बुश झिजून मोठे झालेले असतात, म्हणून कॅम सहज निघतो. नवा बुश ब्लॉकच्या भोकात दाबून बसवला की बाहेरून आवळला जातो आणि त्याचं आतलं माप कमी होतं. बी-सीरीजमध्ये तर बुश बसवल्यानंतर जागेवरच रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारून माप काढायचं, अशीच कंपनीची पद्धत आहे. त्यामुळे या इंजिनात नवे बुश बसवून लगेच कॅम न जाणं हे अपेक्षितच आहे, काम अजून अर्धंच झालंय इतकाच त्याचा अर्थ. काही इंजिनांचे बुश मात्र तयार मापाचे येतात आणि त्यांना रीमर लागत नाही. आपले कोणते आहेत हे बुश ठोकण्याआधी पाहा. तयार मापाचे असूनही कॅम अडत असेल तर प्रश्न ४ कडे जा.

२. कॅम नेमका कुठे अडतोय हे कसं ओळखायचं?

किती आत गेल्यावर थांबला, ते मोजा. निम्मं निदान तिथेच होतं.

बी-सीरीजच्या कॅमला तीन जर्नल (बुशमध्ये फिरणारे गोल भाग) आहेत: पुढचं सगळ्यात मोठं, मागचं सगळ्यात लहान. कॅम पुढून आत जातो तेव्हा मागचं जर्नल पुढच्या आणि मधल्या बुशमधून भरपूर मोकळं जातं. तिन्ही जर्नल आपापल्या बुशमध्ये शिरतात ती अगदी शेवटी, जवळजवळ एकाच वेळी. म्हणून कॅम मध्येच थांबला तर दोष बुशच्या मापाचा नाही. एखादा लोब (कॅमवरचा उंचवटा) बुशच्या कडेला अडलाय, टॅपेट (लोबवर चालून पुशरॉड ढकलणारा दट्ट्या) खाली लोंबतोय किंवा ड्राइव्हचा गिअर आडवा आलाय (प्रश्न १० आणि ११). शेवटच्या इंचभरात घट्ट झाला तर मात्र बुशच तपासा.

ज्या इंजिनांत सगळी जर्नल एकाच मापाची असतात तिथे लक्षण वेगळं दिसतं. कॅम पहिल्या बुशमध्ये ठीक, दुसऱ्यात थोडा जड, तिसऱ्यात जाम असा टप्प्याटप्प्याने घट्ट होतो. तिथे ज्या बुशपाशी फरक पडला तो बुश पकडा.

तीन बुशपैकी कोणता, हे ठरवायला कॅम उलटा वापरता येतो. शेवटचं जर्नल मागच्या बाजूने मागच्या बुशमध्ये आणि पुढचं जर्नल पुढून पुढच्या बुशमध्ये एकेकटं घालून पाहा. दोन्ही सुटे गेले आणि पूर्ण कॅम जात नाही, तर मधला बुश लहान आहे, नाहीतर तिन्ही एका रेषेत नाहीत.

३. जर्नल आणि बुशची मापं किती हवीत?

बी-सीरीजची मापं इंचात:

पुढचं जर्नल १.७८८७५ ते १.७८९२५, बुश १.७९०२५ ते १.७९०७५.
मधलं जर्नल १.७२८७५ ते १.७२९२५, बुश १.७३०२५ ते १.७३०७५.
मागचं जर्नल १.६२२७५ ते १.६२३२५, बुश १.६२४२५ ते १.६२४७५.

म्हणजे तिन्ही ठिकाणी क्लिअरन्स १ ते २ थाऊ, मिलिमीटरमध्ये ०.०२५ ते ०.०५. जर्नल मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांनी आणि दोन्ही कडांजवळ मोजा. बुश बोअर गेजने मोजा. ते नसेल तर टेलिस्कोपिक गेज लावून त्यावर मायक्रोमीटर धरा. व्हर्निअर कॅलिपर या कामाचा नाही: जो फरक शोधायचाय तो त्याच्या चुकीपेक्षा मोठा नसतो.

कॅम आणि ब्लॉक एकाच तापमानाला असू द्या. उन्हात पडलेला कॅम ब्लॉकपेक्षा २० अंशांनी जास्त तापला तर पुढचं जर्नल सुमारे ०.४ थाऊने फुगतं. किमान क्लिअरन्सच १ थाऊ आहे, त्यात हा फरक लहान नाही. दोन्ही वस्तू रात्रभर एकाच शेडमध्ये ठेवून सकाळी मोजणं सगळ्यात बरं.

४. बुश बसवताना काय चुकतं, की ज्यामुळे कॅम अडतो?

या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे सविस्तर.

पहिली चूक: ब्लॉकचं भोक साफ न करणं. जुना बुश काढताना छिन्नी लागून भोकाच्या कडेला बर (धातूची वर आलेली धार) उठलेला असतो. नवा बुश त्यावरून जाताना बाहेरून खरवडला जातो, आणि निघालेला कीस बुशच्या पाठीमागे दबून बुश आत फुगतो. मोजताना मग एका दिशेने माप बरोबर येतं, काटकोनात दोन-तीन थाऊ कमी येतं. भोकाची धार स्क्रेपरने हलकी मोडा, ब्लॉक डिझेलने धुऊन हवा मारा, मगच बुश हातात घ्या.

दुसरी: बुशचा क्रम. बी-सीरीजमध्ये तीन बुश तीन मापांचे, त्यामुळे घोळ लगेच कळतो. फसवतात ती एकसारखी जर्नल असलेली इंजिनं. अमेरिकेतल्या शेव्रोलेटच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये पाचही जर्नल एकाच मापाची आहेत, पण ब्लॉकची भोकं तीन मापांची: पहिलं वेगळं, दुसरं-पाचवं सारखं, तिसरं-चौथं सारखं. मोठ्या बाहेरमापाचा बुश लहान भोकात ठोकला तर तो आत जातो, पण इतका आवळला जातो की कॅम जाणं अशक्य. पाकिटावरचा क्रमांक वाचा आणि प्रत्येक बुश बाहेरून मोजून त्या-त्या भोकासमोर मांडून ठेवा.

तिसरी: थेट हातोडा. बुशच्या कडेवर हातोडा किंवा पाईपचा तुकडा ठेवून मारलं की कड आत वळते. ती डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. योग्य साधन म्हणजे बुशच्या आत जाणारा भाग आणि त्यामागे खांदा असलेला ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा). त्याहून चांगला लांब आटा असलेला खेचणारा पुलर, कारण तो बुश सरळ ओढतो. लेथवाल्याकडून ड्रिफ्ट बनवून घेणार असाल तर आत जाणारा भाग बुशपेक्षा ५ ते ६ थाऊ लहान ठेवा आणि खांदा बुशच्या बाहेरमापापेक्षा किंचित कमी.

चौथी: बुश तिरका सुरू होणं. पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये तिरका दिसला तर थांबून काढा. ‘पुढे जाऊन सरळ होईल’ असं होत नाही. तो सरळ झाल्यासारखा दिसतो, पण भोकाची एक बाजू खाऊन आत गेलेला असतो.

आणि तेलाचं भोक. त्याने कॅम अडत नाही, पण चुकलं तर इंजिन जाम होतं. त्यासाठी पुढचा प्रश्न.

५. बुशचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकाशी थोडं चुकलंय. चालेल का?

गॅलरीतून (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेतून) वाकवलेली तार घाला. ती बुशच्या आतपर्यंत सरळ यायला हवी. भोकाचा थोडासा काठ झाकला गेला असेल आणि बहुतेक वाट मोकळी असेल तर चालतं. अर्धं किंवा जास्त झाकलं असेल तर बुश काढून नवा बसवा. जागेवरच ड्रिल मारून भोक मोठं करू नका: कीस थेट गॅलरीत जातो आणि पहिल्याच स्टार्टला मेन बेअरिंगपर्यंत पोहोचतो. बुश बसवण्याआधी ब्लॉकच्या तोंडावर तेलाच्या भोकाच्या रेषेत मार्करने खूण करून ठेवली तर ही वेळच येत नाही.

६. रीमर मारायचा, लाईन बोअरिंग (सगळी भोकं मशीनवर एका रेषेत कापणं) करायचं की स्क्रेपरने भागवायचं?

बी-सीरीजला लाईन रीमर: एका दांड्यावर बसणारा, बाकीच्या भोकांचा आधार घेऊन चालणारा. साधा हँड रीमर एकेका बुशमध्ये स्वतंत्र मारला तर प्रत्येक बुशचं माप बरोबर येईल, पण तिन्हींचा मध्य एका रेषेत राहील याची खात्री नाही. मग मोजून सगळं ठीक आणि कॅम तरीही जाम, अशी कोड्यात टाकणारी परिस्थिती येते.

स्क्रेपर फक्त उंच जागांसाठी. जर्नलला निळ्याचा (खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ थर लावा, कॅम घालून थोडा फिरवा, काढा, आणि जिथे निळं लागलंय तिथलंच खरवडा. दर वेळी थोडं. एका थाऊपेक्षा जास्त काढायचं असेल तर स्क्रेपर खाली ठेवा आणि लाईन बोअरिंगला द्या. ब्लॉक देताना मेन कॅप बसवून टॉर्कला घट्ट करून द्या, म्हणजे ब्लॉकवर तोच ताण राहील जो इंजिन बांधल्यावर येणार आहे.

७. काही फिटर जुन्या कॅमच्या जर्नलला तिरक्या चिरा पाडून त्याचाच रीमर करतात. ही पद्धत बरोबर आहे का?

मर्यादेत, हो. चिरेची धार व्हाइट मेटल (बुशच्या आतला मऊ धातू) खरवडते आणि कॅम तिन्ही बुशमधून एकदम जात असल्यामुळे रेषही सांभाळली जाते. पण जुना कॅम झिजलेला असतो. त्याने काढलेलं माप नव्या कॅमला कमी पडतं, म्हणून शेवटचा हात नव्या कॅमवर निळं लावून बघूनच. चिरा पाडण्याआधी तो जुना कॅम सरळ आहे का ते तपासा (प्रश्न ९). वाकडा असला तर तो बुश मोठे कापेल, आणि कापलेलं परत येत नाही. काम झाल्यावर गॅलरी ब्रशने आणि डिझेलने धुवायलाच हवी.

८. कॅमच्या जर्नलला एमरी पेपर मारून बसवला तर? दोन-तीन थाऊचाच प्रश्न आहे.

नको. हाताने पेपर मारून जर्नल गोल राहत नाही, ते लंबगोल आणि कडांना निमुळतं होतं. एमरीचे कण बुशच्या मऊ धातूत रुतून बसतात आणि पुढे जर्नलच घासत राहतात. शिवाय बुश पुन्हा बदलायची वेळ आली की त्या कॅमला कुठलाच तयार बुश बरोबर बसत नाही. लहान असलेला बुश मोठा करायचा, बरोबर असलेला कॅम लहान करायचा नाही.

एकच अपवाद: वाहतुकीत किंवा कपाटात आपटून जर्नलच्या कडेला बारीक टोचा पडला असेल आणि त्याची धार वर आली असेल, तर तेवढीच धार बारीक ऑइल स्टोनने बसवावी. नवा कॅम असला तरी बोट फिरवून हे पाहा. नव्या कॅमलाही टोचा असतो.

९. कॅम वाकलाय की बुश रेषेत नाहीत, हे घरच्या घरी कसं कळेल?

कॅमची दोन टोकांची जर्नल व्ही ब्लॉकवर ठेवा, मधल्या जर्नलवर डायल गेज लावा आणि कॅम सावकाश एक फेरा फिरवा. काटा जितका हलेल त्याच्या निम्मा बाक. २ थाऊपेक्षा जास्त काटा हलत असेल तर इतक्या कमी क्लिअरन्समध्ये तो कॅम मोकळा फिरण्याची आशा ठेवू नका. प्रेसवर सरळ करून देणारे आहेत, पण कॅम बहुतेक ओतीव लोखंडाचा असतो आणि तडकतो. बदललेला बरा.

डायल गेज नसेल तर खुणा वाचा. निळं लावून कॅम दोन-चार फेरे फिरवा आणि काढा. घासल्याची खूण बुशमध्ये एकाच बाजूला आणि जर्नलवर सगळीकडून असेल, तर बुश रेषेबाहेर आहे. खूण जर्नलच्या एकाच बाजूला आणि बुशमध्ये सगळीकडून असेल, तर कॅम वाकडा आहे. फेऱ्यात एकदाच जड होऊन पुन्हा सुटत असेल, तर दोन्ही दोष एकत्र आहेत किंवा जर्नलवर टोचा आहे.

१०. टॅपेट आधी घालायचे की कॅम आधी?

टॅपेटचा आकार ठरवतो. बी-सीरीजचे टॅपेट बाजूच्या कव्हरमधून वरून पडतात, म्हणून कॅम आधी, टॅपेट नंतर. काही इंजिनांत टॅपेटचा तळ भोकापेक्षा रुंद असतो, मशरूमसारखा. ते खालूनच जातात, त्यामुळे कॅमच्या आधी घालावे लागतात. त्यांच्या बाबतीत ब्लॉक उलटा करून ठेवा, म्हणजे टॅपेट आपल्याच वजनाने कॅमच्या वाटेतून दूर राहतील. ब्लॉक सरळ ठेवलात तर टॅपेट लोबच्या वाटेत लोंबतात, कॅम अर्ध्यावर थांबतो आणि माणूस बुशला दोष देतो.

११. कॅम निम्मा जातो आणि खट् करून थांबतो. जोर लावू का?

नाही. डिस्ट्रिब्युटर ड्राइव्ह आणि ऑइल पंपाचा ड्राइव्ह दोन्ही बाहेर आहेत ना, ते पाहा. बी-सीरीजमध्ये डिस्ट्रिब्युटर काढला तरी त्याखालची ड्राइव्ह स्पिंडल आत राहते. तिच्या आट्यात ५/१६ इंच यूएनएफचा, साधारण साडेतीन इंच लांब बोल्ट फिरवून ती वर ओढावी लागते. क्रँक बसवलेला असेल तर तो थोडा फिरवून पाहा, कनेक्टिंग रॉडचा बोल्ट लोबला लागत असेल. काहीच नसेल तर एखाद्या लोबची नाक बुशच्या कडेला टेकली आहे.

शक्य असेल तर ब्लॉक उभा करा, पुढचं तोंड वर. कॅमच्या पुढच्या टोकाला लांब बोल्ट लावून त्याला धरून सावकाश खाली सोडा. आडव्या ब्लॉकमध्ये कॅमचं वजन लोबवर येतं आणि व्हाइट मेटलवर लांब ओरखडे पडतात.

१२. कॅम छान फिरतो, पण टायमिंग गिअरचा नट आवळला की जाम होतो. का?

हा एंड प्लेचा (कॅमच्या पुढे-मागे सरकण्याच्या मोकळिकीचा) दोष, बुशचा नाही. बी-सीरीजला कॅमचा एंड प्ले ३ ते ७ थाऊ हवा. तो शून्य होण्याची कारणं: थ्रस्ट प्लेट (कॅमला पुढे-मागे सरकण्यापासून धरणारी पट्टी) उलटी बसली आहे (जुन्या प्लेटवरच्या झिजेशी ताडून पाहा), प्लेटच्या मागे गॅस्केटचा तुकडा राहिला आहे, किंवा किल्ली (गिअर कॅमवर फिरू न देणारा लोखंडी तुकडा) खाचेतून वर आल्यामुळे गिअर पूर्ण बसलेला नाही. ज्या ब्लॉकला मागच्या बुशपाठी प्लग असतो तिथे प्लग जास्त आत ठोकला गेला तरी कॅमचं टोक त्याला टेकतं. ते ओळखायला गिअर आणि थ्रस्ट प्लेट काढून कॅम मागे ढकलून पाहा: टोक प्लगला टणक लागून थांबत असेल तर प्लग काढून नवा बसवा, ओढून बाहेर घेण्याच्या फंदात पडू नका.

१३. सगळी मापं बरोबर, कॅम सरळ, तरी जाम. आता?

दोन शक्यता उरतात. ब्लॉक कधी खूप तापला असेल किंवा वेल्डिंग झालं असेल तर भोकांचीच रेष बिघडते. अशा ब्लॉकला लाईन बोअरिंगशिवाय उपाय नाही. दुसरी: कॅमच दुसऱ्या मॉडेलचा. जुना आणि नवा शेजारी ठेवून जर्नलमधली अंतरं, पंपाचा गिअर, फ्युएल पंपाचा एक्सेंट्रिक आणि किल्लीची खाच एकेक करून ताडा. बाजारात ‘तोच आहे’ म्हणून मिळालेला कॅम मायक्रोमीटर लावेपर्यंत तोच समजू नये.

१४. आमच्या गाडीत कॅम हेडमध्ये आहे. कॅप आवळल्या की फिरत नाही.

कॅप बदलल्या गेल्या आहेत का पाहा. कॅप आणि हेड एकत्र बोअर केलेले असतात, म्हणून प्रत्येक कॅपवर क्रमांक आणि बाण असतो. दोन कॅपची अदलाबदल झाली तरी कॅम जाम होतो, आणि दुसऱ्या हेडची कॅप कधीच चालत नाही. सगळे बोल्ट थोडे-थोडे, मधून बाहेर असे आवळा. एकेक कॅप पूर्ण घट्ट करत गेलात तर कॅम वाकतो, क्वचित तुटतो.

कॅप बरोबर असतील तर हेड तापलं होतं का ते विचारा. तापून वाकलेल्या ॲल्युमिनियम हेडचा खालचा भाग सरफेस केला की गॅस्केटची बाजू सपाट होते, पण वरची कॅमची वाट वाकडीच राहते. सरफेसिंगच्या बिलावर भरवसा ठेवून हेड बसवणाऱ्यांना हा फटका वारंवार बसतो. म्हणून हेड आधी सरळ करून मगच सरफेस करायला सांगा.

मारुती ८०० च्या जुन्या तीन सिलिंडर इंजिनात कॅप नाहीत. कॅम टोकाकडून हेडमध्ये सरकतो, आणि त्याआधी रॉकर शाफ्ट काढावे लागतात.

१५. किती घट्ट चालेल? इंजिन चालू झाल्यावर मोकळा होईल ना?

चेन, टॅपेट, पंप काही न जोडता, जर्नलला तेल लावून, गिअर बोटांनी फिरवला की कॅम फिरायला हवा. पान्याने फिरवावा लागत असेल तर तो घट्ट आहे. चालून मोकळा होतो हे खरं, पण कसा होतो ते पाहा: व्हाइट मेटल वितळून पसरतं, तेलाचं भोक लिंपलं जातं, आणि पुढे त्याच तेलावर अवलंबून असलेल्या रॉकरपर्यंत तेल कमी पोहोचतं.

१६. कॅम नीट बसला. पहिल्या स्टार्टआधी काय करू?

जर्नलला इंजिन ऑइल, लोब आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट. नवा कॅम असेल तर टॅपेटही नवेच. जुने टॅपेट जुन्या लोबच्या आकारात झिजलेले असतात आणि नवा लोब काही तासांत खाऊ शकतात. स्पार्क प्लग काढून तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारा. इंजिन चालू झालं की आयडलवर सोडू नका: १५ ते २० मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास, थोडं वर-खाली करत चालवा. सपाट टॅपेटच्या इंजिनात लोबवर तेल क्रँकच्या फेकण्यातून येतं आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. पाणी आणि इंधन आधीच भरलेलं ठेवा, टायमिंग साधारण लावून ठेवा, म्हणजे ही वीस मिनिटं मध्ये इंजिन बंद करावं लागणार नाही.